तीन नंबरचा दांडा

माझ्या आत्याला रॅप का आवडतं, हे मला आजवर तीन विद्वानांनी समजावून सांगितलं आहे. तिघांनीही आत्याला कधी पाहिलेलं नाही. मी वाचनालयात काम करते आणि आमच्याकडे महिन्यातून एकदा व्याख्यान असतं, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं. परवा एक गृहस्थ सांगत होते, काळ्या माणसांच्या वस्तीत जन्मलेलं हे गाणं गोरे, सावळे, गव्हाळ असे सगळे लोक ऐकतात याची कारणं तीन: ठेका, फॅशन आणि बाजार. पुढच्या रांगेतल्या दोन-चार माना समजूतदारपणे हलल्या. मी मागे उभी राहून दात-ओठ खात होते. वाचनालयात मोठ्याने बोलायची बंदी आहे, म्हणून इथे लिहिते.

आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. वडील गेल्यावर तिनेच मला सांभाळलं. चप्पल दुरुस्तीच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत, खाली दिवसभर हातोडी चालते. आत्या पंधरा वर्षं धुलाईच्या कारखान्यात आहे. शहरातल्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे येतात, धुतल्या जातात आणि इस्त्री होऊन परत जातात. इस्त्री म्हणजे हातातली नव्हे. खोलीएवढं मशीन, त्यात तापलेला रोलर. एका बाजूला दोघीजणी ओल्या चादरीची दोन टोकं धरून रोलरच्या तोंडाशी लावतात, पलीकडे दोघी ती कोरडी घडी करून घेतात. अशी चार मशिनं. आत्या तीन नंबरवर, चादर लावायच्या बाजूला.

रोलरच्या तोंडाशी एक आडवा दांडा असतो. हात चुकून पुढे गेला तर आधी त्या दांड्याला लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. थांबायला हवं.

या कामात दोघींनी टोकं एकाच क्षणी उचलावी लागतात. एकीचं अर्धा श्वास आधी गेलं तरी चादर तिरकी जाते आणि मधोमध चुणी पडते. आणि माणसं तर देशोदेशींची. रंग निराळे, बोली निराळ्या, कामापुरती एक भाषा सगळ्यांनी तोडकीमोडकी शिकलेली. रेडिओवर काय लावायचं यावरून रोज महाभारत. एकीच्या गाण्याने दुसरीला माहेर आठवून रडू यायचं, तिसरीचं गाणं म्हणजे प्रार्थना, तेव्हा ते चालू असताना बोलायचं नाही. एकदा कोणीतरी इतकं संथ प्रेमगीत लावलं, की सगळ्यांचे हात त्याच्या नादी लागले आणि एका अख्ख्या हॉटेलच्या चादरी तिरक्या निघाल्या. परत धुवाव्या लागल्या.

मग थोरली आली. तिचं काम वाळवणाऱ्या यंत्रांवर. काळी, सहा फूट उंच, हसली की सगळा कारखाना वळून बघायचा. वयाने आत्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण आत्याला तिच्याशी मान वर करून बोलावं लागायचं, म्हणून आत्यानेच तिचं नाव थोरली ठेवलं. तिने येताना एक छोटा स्पीकर आणला, मधल्या खांबाच्या खिळ्याला अडकवला आणि रॅप लावलं. चादरी सरळ जाऊ लागल्या.

तेव्हा ठेका, मान्य. त्या गृहस्थांना एवढं मी देऊन टाकते. पण ठेका तर हातोडीलाही असतो. म्हणून कोणी चप्पल दुरुस्तीच्या दुकानापुढे नाचत नाही.

आत्या घरीही ऐकू लागली. भाजी चिरताना कानात इयरफोन, मान हलतेय, सुरी हलतेय. मी वैतागायचे. मला तेव्हा रॅप म्हणजे भांडकुदळ माणसाने धावत केलेली तक्रार वाटायची.

"अगं आत्या, काय कळतं तुला त्यातलं?"

"दहातले तीन शब्द."

"मग ऐकतेस कशाला? या वयात?"

"माझं वय काढू नकोस. तुझे आतोबा होते तोवर बावीस वर्षं मी मूग गिळून बसले. उत्तरं सगळी यायची, पण ती भांडी घासताना, मनातल्या मनात. हा बाबा बघ. कोणीतरी याला 'गप्प बस' म्हणालंय आणि हा बसत नाहीये. एवढं कळायला शब्द कशाला लागतात?"

मी कपाळाला हात लावला. आज त्याची लाज वाटते.

पण आत्याला खरा धडा मिळाला तो थोरलीकडून, आणि तोही गोड शब्दांत नव्हे. एकदा जेवणाच्या सुट्टीत आत्या त्या गाणाऱ्याची नक्कल करायला लागली. तसेच हातवारे, तसेच उच्चार. सगळे खो-खो हसले. थोरली हसली नाही. तिने डबा बंद केला.

"आत्या, ही गाणी माझ्या मामाच्या गल्लीतून आली आहेत. तिथे माणसं मार खाऊन, तुरुंगात जाऊन हे बोलली आहेत. ती तुमची करमणूक नाही."

आत्याचा चेहरा पडला. मग ती सरळ म्हणाली, "चुकले. मग काय करू? ऐकायचं बंद करू?"

"ऐका की. ऐकायला कोणाची ना नाही. पण बोलायचं असेल तर माझ्या मामाचं बोलू नका. तुमचं काय दुखतं ते बोला. या गाण्याचा नियमच तो आहे."

मला विचाराल तर यातच सगळं आलं. बाकीच्या गाण्यांत आपण दुसऱ्याच्या विरहात रडतो. इथे गाणारा स्वतःचा पत्ता सांगतो, स्वतःचा वैरी दाखवतो आणि ऐकणाऱ्याला विचारतो, तुझा कोण? ज्याला हा प्रश्न कधी कोणी विचारलेला नसतो, त्याची कातडी कुठल्याही रंगाची असो, तो कान टवकारणारच. आत्याने कान टवकारले आणि तिला पहिलं उत्तर सापडलं ते समोरच: तीन नंबरचा दांडा.

दांडा सैल झाला होता. दाबला तर मशीन थांबायचं, पण मर्जी असेल तेव्हा. कारखान्यात शनिवारी दुपारी मशिनं पुसायची पद्धत आहे. तेव्हा ही कुरबूर लक्षात यायची आणि बायका मॅनेजरला सांगायच्या. लिहून द्यायचं तर अर्ज कोण लिहिणार? आत्याची लिहिण्यात बोंब, बाकीच्यांची भाषेत. मी लिहून दिला असता, पण तिच्या गाण्यांवर कपाळाला हात लावणाऱ्या मला ती विचारील कशाला? म्हणून आत्याने ते ठेक्यात बांधलं. दर शनिवारी ओळी वाढायच्या. टोकं उचलताना लावणाऱ्या दोघी पहिला अर्धा म्हणायच्या, पलीकडच्या दोघी दुसरा:

तीन नंबरचा दांडा सैल,
पाच तारखेला सांगितलं — "होईल, होईल!"
बारा तारखेला उभ्या दारात —
"कितीदा सांगता? आहे लक्षात!"
वीस तारखेला मेकॅनिक आला,
स्प्रिंग गेली, कागद केला.
कागद गेला साहेबांच्या हाती,
कप ठेवला त्याच्याच माथी!

शेवटच्या ओळीला सगळा कारखाना तळहात टेबलावर आपटायचा. मेकॅनिक म्हणजे एक गोरे म्हातारे गृहस्थ, बंद पडलेल्या गिरणीतून इथे आलेले, कायम कपाळाला आठ्या. "हे गाणं नाही, भांडण आहे," असं ते पहिल्या दिवसापासून म्हणत. आत्याने विचारलं होतं, "मग? भांडायला बंदी आहे का?" तेच म्हातारबुवा पुढे मशीनखाली आडवे पडून स्क्रू पिळताना 'होईल, होईल' पुटपुटताना सापडले. आणि मॅनेजरनी त्या कागदावर चहाचा कप ठेवल्याची गोष्ट तर त्यांनी स्वतः पाहिलेली होती. त्यांनी येऊन सांगितली, आत्याने जुळवली.

चोवीस तारखेला, गुरुवारी सकाळी, एक चादर रोलरच्या तोंडाशी गुंडाळली. आत्याने ती सोडवायला डावा हात घातला. हात दांड्याला लागला. मशीन थांबलं नाही.

थोरलीने धावत जाऊन मुख्य बटण बंद केलं म्हणून हात वाचला. तीन बोटांची कातडी मात्र गेली आणि करंगळी आता वळत नाही. हॉस्पिटलात आत्याला ज्या चादरीवर झोपवलं, तिच्या कोपऱ्यावर आमच्याच कारखान्याचा शिक्का होता. तेवढ्या कळांतही तिने चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दोन नंबरवरची आहे. चुणी पडलीय."

चौथ्या दिवशी मॅनेजर आमच्या घरी आले. हातात फळांची पिशवी आणि एक टाईप केलेला कागद. मी वाचला. त्यात आत्याच्या नावाने लिहिलं होतं, की मोठ्या आवाजातल्या रॅप संगीतामुळे माझं लक्ष विचलित झालं आणि हात आत गेला. स्पीकर अमुक कर्मचारिणीने विनापरवानगी आणला होता.

"एवढी सही करा," मॅनेजर म्हणाले. "तुम्हाला बसून करायचं काम देऊ. घड्या मोजायच्या फक्त."

"आणि थोरली?"

"तिला जावं लागेल. नियम आहे. तसंही, आत्या, तुमचा काय संबंध त्या लोकांच्या गाण्यांशी? तुम्ही सभ्य घरातल्या."

मला वाटलं, आत्या आता त्यांच्या अंगावर फळं फेकणार. तिने मला कागद घडी करून कपाटावर ठेवायला सांगितला, आणि मॅनेजरना म्हणाली, "बघते."

ते गेल्यावर मी तिला म्हणाले, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, "आत्या, कर सही. या हाताने तुला दुसरं काम कोण देणार? थोरली तरणी आहे, धडधाकट आहे, तिला मिळेल कुठेतरी."

आत्याने बांधलेला हात माझ्यासमोर धरला. मग म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि दोर मी वळून द्यायचा? जिने हात वाचवला तिच्याविरुद्ध त्याच हाताने कागद धरू? तू पुस्तकांत राहतेस ना गं?"

त्या संध्याकाळी आत्या कानात इयरफोन घालून, भिंतीकडे तोंड करून झोपली.

चौकशी कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत झाली. कामगार खात्याचे एक अधिकारी आले होते. बारीक, सर्दी झालेले, दर दोन मिनिटांनी नाक पुसणारे. टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला आत्या, आणि कागद वाचून दाखवायला म्हणून मी. आत्याने सही न केलेला कागद अधिकाऱ्यांपुढे ठेवला आणि म्हणाली, "हे माझं बोलणं नाही. माझं बोलणं बाहेर उभ्या आहेत त्यांना विचारा, सगळ्यांना पाठ आहे."

एकेकीला आत बोलावलं. पहिली आली ती पलीकडे घडी घालणारी, तिला आमची भाषा जेमतेम. 'दांड्याबद्दल आधी कधी कोणी तक्रार केली होती का?' असा प्रश्न होता. तिने टेबलावर बोटं वाजवली आणि सुरुवात केली, "तीन नंबरचा दांडा सैल..." अधिकारी लिहीत होते ते थांबले. दुसरी आली. तीच बोटं, त्याच तारखा, तोच क्रम. तिसरी गोरी, चौथी काळी, पाचवी आत्यासारखी सावळी. उच्चार पाच तऱ्हेचे, पण पाच, बारा, वीस ठाम. पाचवीच्या वेळी अधिकाऱ्यांचा पेन आपोआप ठेका धरत होता.

मॅनेजर मात्र हसले. "साहेब, ही शुद्ध पोपटपंची आहे. पढवून आणलंय सगळ्यांना. आणि पुरावा हवा तर घ्या. वीस तारखेला रविवार होता. रविवारी कारखान्याला कुलूप असतं. कुठला मेकॅनिक आला आणि कुठला कागद केला?"

भिंतीवर आग विझवण्याची सामग्री विकणाऱ्या कंपनीचं कॅलेंडर होतं. सगळ्यांनी वळून पाहिलं. वीस तारीख, रविवार. आता नोकरीवरून काढल्याचा कागद येणार, आणि तोही एक नव्हे, दोन, आत्याचा आणि थोरलीचा, असं मला स्पष्ट दिसलं.

आत्या बसल्या जागी थोडी पुढे सरकली. "बरोबर आहे साहेबांचं," ती म्हणाली. "एकोणीस तारीख होती. मी वीस केली."

"का केलीत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"एकोणीस ठेक्यात बसेना. फार लांब पडतं, जीभ अडखळते आणि चादर तिरकी जाते. वीस कसं, झटकन तोंडात बसतं. चूक माझी. या पोरींना बोल लावू नका, त्या माझंच म्हणतात."

"बघा!" मॅनेजर उठलेच. "स्वतःच कबूल करतायत!"

"चूक कबूल करतेय," आत्याचा आवाज चढला, "खोटेपणा नाही. मला खोटंच सांगायचं असतं तर तुमचा टाईप केलेला कागद होता की तयार! शुद्धलेखनासकट!"

मॅनेजर खाली बसले. अधिकारी अजून कॅलेंडरकडे पाहत होते. त्यांनी नाक पुसलं, उठून भिंतीजवळ गेले आणि बोट ठेवलं. पाच. बोट खाली. बारा. बोट खाली. एकोणीस. तिन्ही एकाखाली एक, एकाच रांगेत.

"इथे शनिवारी काय असतं?" त्यांनी विचारलं.

दारात मेकॅनिक उभे होते. त्यांना अजून कोणी बोलावलंही नव्हतं. "पुसापुशी," ते म्हणाले. "एकोणीसला मी दांडा उघडला. स्प्रिंग मेली होती. नवीन मागवायचा कागद लिहून यांच्या हातात दिला." आणि म्हातारबुवांनी मॅनेजरकडे बोट दाखवून, आठ्यांसकट, ठेक्यात शेवटची ओळ म्हटली: "कप ठेवला त्याच्याच माथी."

"असा कुठलाही कागद मला मिळालेला नाही," मॅनेजर म्हणाले.

"तुमचं टेबल बघू या का?"

"खणाची किल्ली घरी आहे."

"असू दे," अधिकारी परत खुर्चीवर बसले. "मला सर्दी झालीय, तशीही घाई नाही. मी थांबतो."

किल्ली पंधरा मिनिटांत मॅनेजरांच्याच खिशात सापडली. कागद तिसऱ्या खणात, जुन्या पावत्यांखाली होता. एकोणीस तारीख, मेकॅनिकची वाकडीतिकडी सही, आणि बरोबर मधोमध, स्प्रिंगच्या नंबरावर, कपाच्या बुडाचा तपकिरी गोल. अधिकाऱ्यांनी तो उजेडात धरला आणि त्या गोलावरून बोट फिरवलं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. आत्याचा उजवा हात मी टेबलाखाली घट्ट धरला होता, तो मी कधी धरला ते आठवत नाही.

मग त्यांनी आत्याचा जबाब लिहून घेतला. आत्याने सांगितला तसाच, ओळी तोडून, वीस खोडून तिथे एकोणीस घालून. वाचून दाखवायचा नियम असतो. ते सरकारी आवाजात वाचायला लागले, "तीन नंबरचा दांडा सैल स्वल्पविराम..."

"असं नाही हो," आत्या म्हणाली. "असं वाचलंत तर मी सही करणार नाही."

सर्दीच्या आवाजात, टेबलावर पेन वाजवत, त्या भल्या माणसाने तो ठेक्यात वाचला. मग आत्याने सही केली.

थोरली कामावर राहिली. चारही मशिनांचे दांडे बदलले. मॅनेजर दुसऱ्या शाखेत गेले, तिथल्या लोकांनी आपलं बघून घ्यावं. आत्या आता घडी घालायच्या बाजूला असते, कारण डाव्या हाताला उष्णता सोसत नाही. जेवणाच्या सुट्टीत थोरलीने तिला फक्त एवढंच म्हटलं, "आता हे तुमचं झालं." तेवढ्याने आत्या आठवडाभर हवेत होती.

मागच्या शनिवारी मी तिला डबा द्यायला गेले. पोरी तीच ओळ म्हणत होत्या, पण आता दुरुस्त करून, 'एकोणीस तारखेला मेकॅनिक आला.' दर वेळी तिथे जीभ अडखळायची, टोकं मागेपुढे व्हायची आणि चादर तिरकी आत जायची. एक नवी मुलगी वैतागून म्हणाली, "आत्या, आता तर सगळं संपलंय. वीस म्हणू या ना परत. सोपं पडतं."

आत्याने तिरकी चादर ओढून घेतली, न वळणाऱ्या करंगळीने चुणी दाबली आणि घडी घातली.

"एकोणीसच म्हणायचं," ती म्हणाली. "अडखळलं तर अडखळू दे. चादरी पुन्हा धुता येतात."